रिपोर्ट नॉर्मल आले, तरी पोट दुखतंच

पत्र

ताई, मी 19 वर्षांची आहे. दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गेल्या वर्षीपासून परीक्षा जवळ आली की माझं पोट बिघडतं. पेपरच्या दिवशी सकाळी मळमळतं, घास उतरत नाही, तीन-चार वेळा संडासला पळावं लागतं. हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. खरं सांगू? रिपोर्ट बघून बरं वाटायला हवं होतं, पण मला वाईट वाटलं. काहीतरी सापडलं असतं तर निदान लोकांचा विश्वास तरी बसला असता. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. रूममेट म्हणते, तू फार विचार करतेस.

मागच्या सेमिस्टरला एका पेपरात डोकं पूर्ण ब्लँक झालं. चांगला तयार केलेला प्रश्न होता. पेपर देऊन जिना उतरताना अख्खं उत्तर आठवलं. आता रात्री दोन-अडीचपर्यंत जागते, कॉफीवर. केस मूठमूठ गळतायत. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. आईचा रोज फोन येतो, मी तिच्यावर खेकसते आणि ठेवल्यावर रडत बसते. मैत्रिणीला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मला काहीच वाटलं नाही, ना आनंद ना हेवा. पुढची परीक्षा 12 दिवसांवर आहे. ती झाली की समुपदेशकांकडे जाईन म्हणते. पण आधी मला हे सांगा, मला खरंच दुखतं की मीच ओढवून घेते? मी कमकुवत आहे का?

— दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. केसगळती आणि आईचा फोन यांच्या मधे तू ते हळूच सरकवून दिलंयस: सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. पुष्कळदा हे वाक्य फार दमलेल्या माणसाचं असतं. त्याला मरायचं नसतं, हे सगळं एकदाचं थांबायला हवं असतं. तुझंही तसंच असेल, पण एका पत्रावरून, इतक्या लांबून मी ते गृहीत धरणार नाही. तूही धरू नकोस. तेव्हा समुपदेशकांकडे जायचं ते परीक्षा झाल्यावर नव्हे, याच आठवड्यात. तिथे गेल्यावर हे वाक्य जसं मला लिहिलंस तसंच्या तसं म्हणायचं, त्याची धार कमी न करता. आणि आज, तुझ्या आसपास असलेल्या एका तरी माणसाला ते सांगून ठेव. रूममेट चालेल, भावंड चालेल, विश्वासातले एखादे सर किंवा मॅडमही चालतील. हा विचार पुढे सरकून स्वतःला इजा करण्यापर्यंत, ती कशी करायची इथपर्यंत पोचला, तर त्या क्षणी खोलीत एकटी थांबायचं नाही. कुणालाही उठव, हेल्पलाइनला फोन कर, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. कुणाची झोपमोड होईल हा संकोच त्या वेळी ठेवायचा नाही.

हे केल्यावरच पुढचं वाच, घाई नाही.

आता पहिला प्रश्न. दुखतं, आणि खरंच दुखतं.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर वाईट वाटलं हे तू लिहिलंस ते बरं केलंस. असं वाटणारी तू एकटी नाहीस, फक्त बाकीचे ते बोलून दाखवत नाहीत. दुखण्याला कागदावरचा पुरावा नसला की माणूस स्वतःच्याच शरीराबद्दल साशंक होतो. पण सोनोग्राफी काय दाखवते? अवयवांची ठेवण, आकार, खडा, गाठ, सूज. तुझं आतडं पेपरच्या सकाळी सात वाजता किती जोरात आवळतंय, तिथल्या नसा किती हळव्या झाल्यात, हे त्या चित्रात येत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांतही येत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की ज्या मोठ्या आजारांची शंका होती त्यांची खूण तिथे दिसली नाही. ही चांगलीच बातमी आहे. पण त्या कागदावर 'हिला दुखत नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही, ते वाचणाऱ्यांनी आपल्या पदरचं घातलंय.

ताणात पोटाची हालचाल कशी थांबते हे ज्याने एक्स-रेच्या पडद्यावर पाहिलं, तो स्वतः विद्यार्थी होता. एक्स-रेचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. हार्वर्डमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेणारा वॉल्टर कॅनन मांजरांना एक्स-रेत दिसेल असं द्रव्य मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या पोटाची हालचाल पडद्यावर पाहत होता. मांजर चिडलं, घाबरलं की पोटाच्या लाटा थांबत. शांत झालं की पुन्हा सुरू होत. मांजराला कुणी 'फार विचार करतेस' म्हणालं नसेल, पण पोट थांबत होतं हे नक्की. पुढे त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने वैद्यकीच्या 9 विद्यार्थ्यांची परीक्षेनंतर लघवी तपासली. एरवी त्यांच्यापैकी कुणाच्याच लघवीत साखर नसे. अवघड पेपरनंतर 4 जणांच्या लघवीत ती सापडली, सोप्या पेपरनंतर एकाच्या. म्हणजे परीक्षेची भीती परीक्षानळीत उतरल्यालाही आता शंभरावर वर्षं झाली.

असं होतं, कारण शरीराला धोका ओळखता येतो, पण धोक्याची जात ओळखता येत नाही. प्रश्नपत्रिका आणि अंगावर धावून येणारं जनावर, दोन्हींना प्रतिसाद एकच. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी काही सेकंदांत ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुझे हात गार पडतात. तोंडाला कोरड पडते. मागोमाग मेंदूकडून निघालेला दुसरा, जरा सावकाश निरोप त्याच ग्रंथींकडे पोचतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढायला लागतं. ते शिगेला पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त वेळ.

पचन या सगळ्यात मागे पडतं. घराला आग लागलेली असताना कुणी चूल पेटवत बसत नाही, तसं. पण पोटाची खरी गंमत अशी की वरचा भाग आणि खालचा भाग उलट वागतात. मेंदूतलं जे रसायन कॉर्टिसॉलच्या साखळीची सुरुवात करतं, तेच जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतं. वर अन्न तसंच पडून राहतं, म्हणून मळमळ आणि घास न उतरणं. खाली घाई, म्हणून संडासच्या चकरा. तुला वाटलं असेल दोन वेगवेगळी दुखणी आहेत. एकच आहे, दोन टोकांना.

ओढवून घेण्याचा प्रश्नच इथे येत नाही. यातलं काहीही इच्छेने सुरू करता येत नाही आणि इच्छेने बंदही करता येत नाही. म्हणूनच 'टेन्शन घेऊ नकोस' हा सल्ला मला सगळ्यात निरुपयोगी वाटतो. देणाऱ्याच्या मनात माया असते, मान्य. पण ज्याच्या हातात बटणच नाही त्याला बटण दाबायला सांगण्यातला तो प्रकार आहे, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं: मला एवढंही जमत नाही.

तरी कुणी 'मनाचे खेळ' म्हणालंच तर त्याला 1998 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांग. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर मुद्दाम एक अगदी छोटी, साडेतीन मिलिमीटरची जखम केली गेली. एकदा सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणसं तीच, जखमेचं माप तेच. परीक्षेच्या काळात ती भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे 40 टक्के जास्त वेळ. आणि अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीत भरली होती तेवढ्या लवकर भरली नाही. टाळूच्या कातडीला मनाचे खेळ खेळता येत नाहीत.

केसांचं म्हणशील, तर मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणं ही ओळखीची गोष्ट आहे. आत्ता गळतायत ते बहुधा मागच्या परीक्षेचे. बहुतेक वेळा कारण दूर झालं की काही महिन्यांत परत येतात. मात्र थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासून घे. पाळी पुढेमागे होणं, चेहऱ्यावर पुटकुळ्या येणं, मान-खांदे आखडणं, झोपेत दात आवळून सकाळी जबडा दुखणं, हेही याच घरातलं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. संडासवाटे रक्त पडणं, काहीही न करता वजन उतरणं, ताप येणं, पोटदुखीने मध्यरात्री झोपेतून उठवणं, किंवा परीक्षा-बिरीक्षा काही नसताना महिनोन्महिने हेच चालू राहणं, यातलं काही असेल तर 'ताण असेल' म्हणून गप्प बसायचं नाही. पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. ताणाच्या नावाखाली खरा आजार झाकला जाणं हेही मी पाहिलंय, ते उलट्या बाजूचं नुकसान.

पेपरच्या सकाळसाठी साधं सांगते. तासभर आधी ऊठ, म्हणजे संडासच्या चकरांना वेळ मिळेल. घाईमुळे होणारी अर्धी घाबरगुंडी तिथेच टळते. पचायला हलकं, थोडंसं आणि ओळखीचं खा. उपाशीपोटी कॉफी अजिबात नको. ती मोठ्या आतड्यालाही ढोसते आणि छातीची धडधडही वाढवते, दोन्ही तुला आधीच पुरेसं आहे. श्वासाचा व्यायाम सगळेच सांगतात, मीही सांगणार. फक्त त्यातला कळीचा भाग बहुतेक जण गाळतात: जोर श्वास घेण्यावर नको, सोडण्यावर हवा. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. घाबरल्यावर आपण भराभर आणि खोल श्वास घेत सुटतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते. मग त्या मुंग्यांचीच भीती वाटते. आणि हा व्यायाम पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून बघायचा नसतो. आजपासून रोज, शांत असताना कर. शरीराला वाट माहीत झालेली असली तरच ते गडबडीत त्या वाटेने जातं.

आता तो ब्लँक झालेला पेपर. तुझं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले, कारण त्या प्रसंगाने तुझा स्वतःवरचा विश्वास उडवलाय असं दिसतं.

एक प्रयोग सांगते, 2000 साली छापून आलेला. निरोगी माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आठवून सांगायला लावली. काहींना आठवून सांगण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, ती शरीरात जाऊन कॉर्टिसॉलचं काम करते. त्यांना शब्द कमी आठवले. हीच गोळी ज्यांनी पाठ करण्याच्या आधी किंवा लगेच नंतर घेतली होती त्यांना तसा फरक पडला नाही. याचा अर्थ लावून बघ: साठवलेलं पुसलं गेलं नव्हतं, बाहेर काढायची वाट अडली होती. तुझं उत्तर त्या तीन तासांत तुझ्या डोक्यातच होतं. जिन्यावर आठवलं हा त्याचा पुरावा.

शिवाय डोक्यात एका वेळी हाताळता येईल अशी जागा फार थोडी असते. दोन पायऱ्यांचं गणित, अर्धवट वाक्य, पुढचा मुद्दा, एवढंच काय ते मावतं. त्यात 'मला येत नाहीये, मी नापास होणार, घरी काय सांगू' हे तिघं येऊन बसले की उत्तराला जागा कुठून मिळणार? पेपर हातातून गेला, चिंतेला करण्यासारखं काही उरलं नाही, जागा मोकळी झाली.

तेव्हा पुन्हा तसं झालं तर त्या प्रश्नाशी झटापट करू नकोस. जोर लावला की वाट आणखी बंद होते. पेन खाली ठेव, दोन्ही पाय जमिनीवर टेकव, तीन-चार लांब श्वास सोड आणि जो प्रश्न डोळे मिटून येतो तो लिहायला घे. हात चालायला लागला की डोकं त्याच्या मागे येतं. मग परत ये. तरी आठवत नसेल तर त्या विषयातलं जे आठवतंय ते समासात कच्चं टिपून काढ, एखादी व्याख्या, एखादी आकृती, वहीतलं ते पान कसं दिसत होतं ते. एका दुव्याला धरून दुसरा येतो. पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटं कागदावर आपली भीती लिहून काढल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. सगळ्यांना जमतं असा माझा दावा नाही, पण खर्च एका कागदाचा आहे. हॉलबाहेर उभं राहून मैत्रिणींच्या नोट्समधली अनोळखी पानं चाळण्यापेक्षा नक्की बरं.

खरी तयारी मात्र त्याआधीची. तू अभ्यास म्हणजे बहुधा वाचन करतेस. पुन्हा वाचन, अधोरेखन, परत वाचन. त्याने ओळख वाढते आणि ओळखीलाच आपण आठवण समजतो. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तर पुस्तक मिट, घड्याळ लाव, कोऱ्या कागदावर लिही. पहिले दोन दिवस कागद रिकामा बघून जीव घाबरेल. घाबरू दे. ती भीती खोलीत झालेली बरी, हॉलमध्ये नको.

आणि झोप. इथे मी जरा कडक होणार आहे.

'नाइट मारली' हे होस्टेलवर ज्या अभिमानाने सांगितलं जातं, त्याची मला मनापासून चीड आहे. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. तू अडीचला झोपून सकाळच्या लेक्चरला उठत असशील तर रोजची बाकी वाढतेय. वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. ही गोष्ट 1924 मध्येच कॉर्नेल विद्यापीठात दिसली होती, जेनकिन्स आणि डॅलनबाक यांच्या प्रयोगात. त्यात माणसं होती दोनच, दोघंही विद्यार्थी. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून झोपले तेव्हा त्यांना जास्त आठवलं, पाठ करून तेवढाच वेळ जागे राहिले तेव्हा कमी. त्यानंतर शंभर वर्षं लोक हेच वेगवेगळ्या तऱ्हेने पाहत आलेत. म्हणजे दीड वाजता वाचलेल्या त्या वीस पानांसाठी तू संध्याकाळी वाचलेली चाळीस पानं पणाला लावतेस.

कॉफीचा हिशेबही करून बघ. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. रात्री नऊच्या कपातलं निम्मं पहाटे दोनलाही अंगात फिरत असतं. मग झोप येत नाही, म्हणून तू वाचतेस, आणि वाचता यावं म्हणून आणखी एक कप. दुपारी दोननंतर कॉफी बंद. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, म्हणून एकदम न तोडता कमी करत आण. झोपेची वेळही एका रात्रीत बदलणार नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे आण, बारा दिवसांत बरीच जागेवर येईल. उठायची वेळ मात्र आजपासून एकच, रविवारीही. अंथरुणात पडून झोप आली नाही तर तळमळत राहू नकोस. उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं कर, आणि फोनला हात लावू नकोस.

दुसरा प्रश्न, कमकुवत आहेस का. नाही. धोक्याची घंटा कुणाची लवकर वाजते, कुणाची उशिरा. ते जन्मजात घडणीवर, आधीच्या अनुभवांवर आणि सध्या झोप किती झालीय यावर ठरतं. तुझ्या रूममेटचं पोट परीक्षेत बिघडत नाही याचा अर्थ ती धीराची आणि तू भित्री असा होत नाही. कदाचित तिचं डोकं दुखत असेल आणि ती सांगत नसेल. 'थोडा ताण चांगलाच असतो' असं तुला कुणी ऐकवलं असेल तर त्या वचनाचं मूळही ऐक. यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा 1908 चा प्रयोग उंदरांवरचा होता, विजेचे झटके देऊन त्यांना फरक ओळखायला शिकवण्याचा. आणि काम जितकं अवघड, तितका सौम्य झटका बरा, असंही त्यातच दिसलं होतं. हा उत्तरार्ध सोयीने विसरला जातो. अवघड अभ्यासक्रमाच्या मुलांना आणखी झटके देण्यासाठी त्याचा आधार घेणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा.

सगळंच तुझ्या हातातलं नाही, हेही खरं. एका आठवड्यात तीन सबमिशन आणि दोन व्हायवा ठेवणारं वेळापत्रक श्वास मोजून हलकं होत नाही. ते विभागात जाऊन बोलावं लागतं, आणि चार जणींनी मिळून बोललेलं एकटीने बोलल्यापेक्षा जास्त ऐकलं जातं. बारा दिवसांत पूर्ण होणार नाही इतका अभ्यास उरला असेल तर शेवटचे दोन भाग आत्ताच, शुद्धीत असताना सोडून दे. तसेही ते सुटणारच आहेत, पण शेवटच्या रात्री रडत सुटण्यापेक्षा आज ठरवून सुटलेले बरे.

मैत्रिणीच्या स्कॉलरशिपचा आनंद झाला नाही याची तुला लाज वाटतेय, असं वाक्यांवरून दिसतं. ती लाज काढून टाक. महिनोन्महिने सावध राहिलेलं मन एका टप्प्यावर सगळाच आवाज कमी करून टाकतं, दुःखाचा आणि त्याबरोबर आनंदाचाही. त्याला मत्सर म्हणत नाहीत. मात्र हे बधिरपण दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ असेल, पूर्वी आवडायच्या गोष्टींत रस उरला नसेल, तर तो नैराश्याचाही भाग असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. समुपदेशकांना हे स्कॉलरशिपचं उदाहरणच सांग. 'मला उदास वाटतं' यापेक्षा त्यातून त्यांना पुष्कळ जास्त कळेल.

राहता राहिली आई. दिवसभर तू सगळ्यांशी नीट वागतेस. मेसमध्ये, वर्गात, मॅडमसमोर. ते सांभाळायला मेंदूचा जो भाग राबतो तो संध्याकाळपर्यंत थकलेला असतो, आणि झोप कमी असली की आधीच दुबळा. मग ज्या माणसापाशी नातं तुटायची भीती नाही, तिथे सगळं बाहेर पडतं. तुझा राग तिच्यावर नाही हे तिला बहुधा कळतही असेल, पण रोज ऐकून घेणं तिलाही जड जात असणार. आणि ती तरी काय विचारते? अभ्यास झाला का, जेवलीस का, पेपर कसा जाईल. प्रेमाने विचारलेला प्रश्नही तुझ्या शरीराला या दिवसांत आणखी एक चाचणीच वाटतो.

तेव्हा पुढचा फोन तिने करायची वाट बघू नकोस, तू कर. झोपायच्या आधी नको, संध्याकाळी, थोडं चालून आल्यावर. तिला सरळ सांग: "आई, परीक्षा होईपर्यंत अभ्यासाचं काही विचारू नकोस. विचारलंस की माझ्या पोटात गोळा येतो. तू तुझा दिवस कसा गेला ते सांग, मी नुसती ऐकते." केस गळतायत, पोट दुखतं, समुपदेशकांकडे जातेय, हेही सांग. जागच येऊ नये असं वाटतं ते तिला कसं सांगायचं हे एकटीने ठरवू नकोस, समुपदेशकांना बरोबर घे. फोन दहा मिनिटांचा ठेव आणि तसं आधीच बोलून ठेव, म्हणजे तिलाही मध्येच तुटल्यासारखं वाटणार नाही.

दोन दिवस ती पाळेल. तिसऱ्या दिवशी विचारेलच, "काय गं, झाला का तो धडा?" तेव्हा आवाज चढायच्या आधी एवढंच म्हण, "आई, ठरलंय ना आपलं?"